बाबांच्या आकडीबद्दल

ठाणे, 14 जुलै

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आई, फोनवर तू रडतच होतीस, म्हणून लिहितेय. आधी स्वतःला बोल लावणं थांबव. राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं राहिलं म्हणून असं झालं, असं शेजारच्या काकी म्हणाल्या ना? घाला खुशाल, नारळही ठेवा. पण बाबांना आकडी आली ती बिस्किटाच्या डब्यातल्या गोळ्यांनी.

व्हिडिओवर तू डबा दाखवलास तेव्हा ट्रामाडोलची, म्हणजे दुखण्यावरच्या गोळ्यांची, दोन पाकिटं दिसली. एक बाबांचं, दुसरं तुझ्या गुडघ्यांचं, मागच्या वर्षी उरलेलं. दोन्ही रिकामी, नावाच्या बाजूने कातरलेली. मेडिकलच्या काउंटरवर इतकी वर्षं उभी राहते मी, आणि घरच्या डब्यात डोकावले नाही.

बाबा, तुमची खाजणातली उघाडी, बांधातलं ते पाण्याचं दार, आठवा. खाडीचं पाणी ढकलत असतं, बांध अडवून धरतो. मेंदूतही तसंच. ग्लुटामेट नावाचं रसायन पेशींना चेतवतं, गाबा नावाचं आवरतं. ट्रामाडोल दुखणं दाबतं, शिवाय सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन ही मेंदूतलीच आणखी दोन रसायनं वाढवतं. डोस चढला की मेंदूचा बांधच ठेंगणा होतो. मग साध्या भरतीचं पाणीही आत शिरतं, तीच आकडी.

आता खरी गोम. गेल्या वर्षापासून तुम्ही मनासाठी फ्लुओक्सेटिन घेताय. तीही सेरोटोनिन वाढवते. वर यकृतात ट्रामाडोलपासून जो जोरकस वेदनाशामक पदार्थ बनतो, तो बनवणारं एन्झाइमच ती अडवते. म्हणजे कंबर दुखायची थांबत नाही आणि मूळ औषध अंगात साचत राहतं. दुखतंय म्हणून तुम्ही आणखी एक घेतलीत, मग आणखी एक. सांगितल्या होत्या तीन, तुम्ही घेत होतात सात. पन्नासच्या सात म्हणजे 350 मिलिग्रॅम. पंचाहत्तरीनंतर दिवसाला 300 च्या वर जायचंच नसतं. दोन डॉक्टर, दोन वेगळे कागद, आणि दोन्ही कागद एकत्र कुणी पाहिलेच नाहीत. माझाही राग याच गोष्टीवर आहे.

फ्लुओक्सेटिन मात्र मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. कंबरेसाठी दुसरं काय चालेल तेही तेच सांगतील. जाताना डबाच घेऊन जा. 2018 पासून ट्रामाडोल अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, चिठ्ठीशिवाय ते कुणी द्यायचं नाही. तरी ओळखीवर मिळतं, हे मला का माहीत नाही!

आई, देव न करो, पण पुन्हा झालंच तर कांदा, चप्पल काही नको. तोंडात काही घालू नकोस. कुशीवर वळव, घड्याळ बघ. पाच मिनिटांवर गेलं तर 108.

गणपतीला चार दिवस आधी येते. तोवर विहिरीच्या पायऱ्यांवर ब्लीचिंग पावडर टाकून घ्या. शेवाळावरून घसरलात तिथूनच हे सगळं सुरू झालं, बाबा.

तुमची,
धाकटी