पिपा, माठ आणि वहिनींच्या साड्या

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
नवतपा सुरू

प्रिय गजू,

तुझं पत्र मिळालं अन् मोबाइलवर तो व्हिडिओही आला. 'घरातल्या वस्तूंचे थक्क करणारे उपयोग' म्हणे! मायला दाखवला. तिनं चष्मा लावून अर्धा पाहिला अन् म्हणाली, "यात थक्क व्हाचं काय हाय? हे लोकं आतालोक वस्तू फेकत व्हते काय?"

त्यातलं खरं किती अन् फेकाफेकी किती, असं तू विचारलंस. फोनवर सांगायला बसलो तर अर्ध्यात 'मीटिंग आहे' म्हणून ठेवून देशील, म्हणून लिहितोच.

आधी तुझा तो सोडा अन् व्हिनेगर. फेस आला की बघणाऱ्याला वाटतं, काय मळ निघून राहिला! पण ही दोघं एकमेकांत मिसळली की दोघांचाही जोर जातो. फुगे असतात कार्बन डायऑक्साइडचे अन् खाली उरतं जवळपास खारट पाणी. करपलेल्या गंजात, म्हणजे पातेल्यात, नुसता सोडा टाकून पाणी उकळ, तांब्याच्या गुंडीला नुसती चिंच चोळ, दोन्ही कामं होतात. अन् भाजल्यावर टूथपेस्ट लावायची युक्ती आधी डिलीट कर. नळाची बारीक धार वीस मिनिटं, बाकी काही नाही. तुझ्या घरात लहान पोर आहे म्हणून मुद्दाम सांगतो.

माठाचं मात्र सविस्तर लिहितो, कारण त्यात सगळे फसतात. व्हिडिओतला माणूस म्हणतो, जुना माठ झाडाच्या बुडाशी पुरा, पाणी आपोआप झिरपत राहील. आता विचार कर, आपण माठ जुना झाला असं कधी म्हणतो? पाणी गार होईना तेव्हा. गार का होत नाही? पाण्यातले क्षार साचून त्याची बारीक छिद्रं बुजलेली असतात म्हणून. बाहेर पाझरायला बंद झालेला माठ मातीत पुरल्यावर कसा पाझरेल बे? मी लिंबाच्या रोपांशी पुरले ते असे: तळाला खिळ्यानं हळूच भोक पाडायचं (हातोडा मारशील तर खापऱ्या होतील, खिळा गोल फिरवायचा), त्यात सुती धोतराची चिंधी पिळून घट्ट बसवायची, टोक बाहेर वीतभर सोडायचं. गळ्यापर्यंत पुरायचा, वर झाकणी ठेवायची, नाहीतर डासांची पैदास होते. चिंधी सुतीच पाहिजे, टेरिकॉट पाणी ओढत नाही. पारा 45 च्या पुढं गेला तरी रोपांनी मान टाकली नाही.

आता तुझ्या कामाचं. मक्त्यानं दिलेल्या तुझ्या वावरात औंदा घरचंच सोयाबीन पेरायचं ठरलंय, तर त्याची उगवण बारदान्यात पाहिली. बारदाना आधी स्वच्छ धुतला, ओला करून ओसरीत अंथरला. पोत्यात हात घालून येतील तसे 100 दाणे काढले. इथं लोक लबाडी करतात, टपोरे टपोरे निवडून घेतात अन् मग पेरल्यावर बियाण्याला शिव्या देतात. दहा-दहाच्या दहा ओळी मांडल्या, वरून दुसरा ओला बारदाना टाकला, गुंडाळी करून सुतळीनं बांधली अन् सावलीत ठेवली. रोज पाण्याचा शिपका. आठवडाभरात उघडलं की चांगले कोंब मोजायचे. वाकडे, कुजलेले धरायचे नाहीत. 70 निघाले तर पेरायला एकरी 30 किलो बियाणं हा नेहमीचा हिशेब, 60 निघाले तर 35 किलो धरायचं. त्याच्याही खाली आले तर ते बियाणं तेल काढायला बरं. तुझे 82 निघाले. सोयाबीनचं टरफल पातळ, थ्रेशरचा मार बसला किंवा पोत्यांची थप्पी उंच लावली की आतला कोंब मरतो अन् वरून दाणा दिसतो पिवळाधम्मक. म्हणून म्हणतो, दुकानातून आणलेल्या बॅगेचेही दाणे असेच पाहून घ्यावेत. उद्या वाद झालाच तर बॅग, टॅग अन् पावती जपलेली बरी.

तेलाचा पिपा तर तुला आठवतच असेल. पूर्वी त्याची बादली व्हायची, पत्रा सरळ करून कोंबड्यांच्या खुराड्यालाही लागायचा. आता मी रिकामा पिपा पिवळ्या ऑइलपेंटनं रंगवतो, वरून एरंडेल किंवा ग्रीस फासतो अन् कपाशीत काठीवर पिकाच्या जरा वर टांगतो. पांढरी माशी, मावा, तुडतुडे पिवळ्या रंगाकडे ओढले जातात अन् चिकटतात. पण हे आपलं पहाऱ्यावरचं काम. किती कीड आली ते कळतं, सगळी मरत नाही. अन् बोंडअळीचा पतंग यात येत नाही, त्याला कामगंध सापळेच, म्हणजे मादीच्या वासानं नराला ओढणारे, लागतात. माशी वाढलेली दिसली की निंबोळी अर्क: 5 किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवायची, मायच्या जुन्या लुगड्यातून गाळायची, 100 लिटर पाणी करायचं अन् त्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा. साबण कशाला? पानावर थेंब टिकावा म्हणून.

एका वस्तूला मात्र दुसरा उपयोग नाही, ती म्हणजे औषधाचा डबा. कीटकनाशकाला आपण औषध म्हणतो अन् तिथूनच घात होतो. डबा किती देखणा असतो, घट्ट फिरकीचं झाकण, धरायला मूठ! वावरात पाणी न्यायला, रॉकेल ठेवायला, संडासला न्यायला मोह होतोच. 2017 चा हंगाम तू विसरला नसशील. आपल्याच जिल्ह्यात फवारणीत विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. तेव्हापासून माझ्या घरी कायदा आहे. डबा तीनदा विसळायचा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं अन् लगेच पारईनं तळाला भोक. गेल्या पोळ्याला एक पाहुणा म्हणाला, "चांगला डबा काऊन फोडता?" मायनं त्याला पाणी दिलं अन् चहा पाजला, पण डबा काही दिला नाही.

आता तुझ्याकडं एक काम. वहिनींच्या नेसायच्या राहिलेल्या नायलॉनच्या साड्या असतील तर पाठव. भडक रंगाच्या असल्या तर उत्तम. वावराच्या चहुबाजूंनी बांधतो. रानडुकराची नजर कमजोर, वाऱ्यानं फडफडणारं काही दिसलं की ते बिचकतं. रोही, म्हणजे नीलगाय, त्यावरून उडी मारतो तो मारतोच, अन् डुकरंही काही आठवड्यांनी सवयीनं आत घुसतात, म्हणून साड्यांची जागा बदलत राहावी लागते. सोबत न्हाव्याच्या दुकानातले केस धुऱ्यावर टाकतो; हुंगताना नाकात गेले की डुक्कर मागं फिरतं. एक चांगला पाऊस झाला की केसांचा उपयोग संपला, साड्या मात्र दोन हंगाम टिकतात.

वहिनींना आधी विचार बरं का, परस्पर कपाट उघडू नको. गठ्ठा बांधून यवतमाळच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडं दे, मी स्टँडवरून उचलतो. पेरणीच्या आधी पोहोचल्या पाहिजेत.

तुझा,
बाळ्या