घिड्रा ११.३ : रविवारपूर्वी एवढे करून ठेवा

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारपासून गटाचा सामायिक प्रोजेक्ट घिड्रा ११.३ वर (तयार प्रोग्राम उलगडून तो आतून कसा चालतो ते पाहण्याचे साधन) हलवत आहोत. विंडोज, मॅक, लिनक्स काहीही असो, जेडीके २१ (जावाचा विकाससंच) लागेलच; १७ वर हे चालत नाही.

महत्त्वाचे: नव्या आवृत्तीत उघडून सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत पुन्हा उघडत नाही. त्यामुळे शनिवारी रात्रीपर्यंत आपापले बदल चेक-इन करा (सामायिक प्रोजेक्टमध्ये जमा करा) आणि स्थानिक प्रोजेक्टचा बॅकअप घ्या. "माझं जुनंच बरं" म्हणणाऱ्यांचीच पंचाईत होईल.

आता नवीन काय. पायघिड्रा (घिड्राला पायथन ३ शी जोडणारा भाग) सोबतच येते, म्हणजे पायथन ३ मध्ये स्क्रिप्ट लिहिता येतात. आजवर जायथनच्या (जावावर चालणारे पायथन) २.७ वर दिवस काढले, ते एकदाचे संपले! मात्र नेहमीच्या आयकॉनवरून उघडलेत तर पायथन ३ मिळणार नाही. सपोर्ट फोल्डरमधली 'पायघिड्रारन' फाइल चालवा. पहिल्या वेळी ती इन्स्टॉलची परवानगी विचारेल, हो म्हणा. जुन्या स्क्रिप्टमध्ये कंसाशिवायचा 'प्रिंट' असेल तर तिथेच अडेल. दुरुस्त करायला वेळ नसेल तर स्क्रिप्टच्या वरच्या टिपणीत रनटाइम म्हणून जायथन लिहा, तूर्त भागेल.

पी-कोडचा (घिड्राची अंतर्गत मधली भाषा) नवा जेआयटी एम्युलेटर, म्हणजे प्रोग्राम नकली प्रोसेसरवर चालवून पाहणारा भाग, वेगवान आहे, पण तो स्क्रिप्टमधूनच वापरायचा. डीबगरच्या (प्रोग्राम टप्प्याटप्प्याने चालवून तपासणारा भाग) खिडकीत शोधू नका. व्हीएस कोडमध्येही (मायक्रोसॉफ्टचा कोड लिहिण्याचा एडिटर) आता स्क्रिप्ट थेट उघडून लिहिता येते.

आणि हो, संशयास्पद नमुने (घातक असू शकणाऱ्या फाइल) व्हर्च्युअल मशीनमध्येच, म्हणजे संगणकातल्या वेगळ्या आभासी संगणकातच, उघडा. अडचण आल्यास एररचा पूर्ण मजकूर गटावर टाका, मोबाइलने काढलेला तिरका फोटो नको.