लोणारला अर्धा दिवस तरी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्या लागल्या की शेगाव, सिंदखेडराजा आणि लोणार अशी एकाच दिवसाची सहल अनेक घरांत ठरते. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाल्यापासून मेहकरला उतरून लोणार गाठणं सोपं झालंय. पण या धावपळीत लोणारच्या वाट्याला येतो तो भर दुपारचा अर्धा तास. काठावर उभं राहून फोटो काढायचे, 'नौकाविहार कुठे आहे?' असं विचारायचं आणि गाडीत बसायचं. नौकाविहार इथे नाही. २००० पासून हे अभयारण्य आहे आणि २०२० पासून जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या 'रामसर' यादीत आहे. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेलं इतकं चांगलं टिकलेलं विवर जगात शोधूनही सापडणं कठीण. ते काठावरून नाही, खाली उतरून कळतं.

उतरायचं म्हणजे काय, याचा अंदाज आधी घ्यावा. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. काठापासून पाण्यापर्यंतची खोली १३० मीटरच्या आसपास, म्हणजे चाळीस मजली इमारतीएवढी. जाताना पाऊण तास पुरतो, पण मुलं बरोबर असतील तर चढायला तास-सव्वा तास धरावा. फसगत होते ती इथेच. उतरताना दम लागत नाही, म्हणून लोक पाण्याची एक बाटली चौघांत घेऊन जातात. खाली दुकान नाही, पिण्याचं पाणी नाही. दहानंतर ऊन चढतं, वारा काठावरूनच निघून जातो आणि खोलगट भागात उकाडा साचतो. नेमका त्याच वेळी चढ समोर येतो. म्हणून माणशी दीड लिटर पाणी, मीठ-साखर आणि सकाळी सातच्या सुमारास सुरुवात, एवढं तरी पाळावं. प्रवेशाची वेळ आदल्या दिवशीच विचारून घ्यावी. त्यासाठी मुक्काम लोणारला किंवा मेहकरला केलेला बरा.

वाट मुरमाड, सुट्या दगडांची आहे. चपला, सँडल नकोत. पकड असलेले बूट हवेत. तळाशी विलायती बाभूळ माजली आहे, तेव्हा मुलांनाही पूर्ण पँट घालावी. खाण्याचे डबे पिशवीत बंद ठेवावेत, कारण वानरं हातातली पिशवीसुद्धा ओढून नेतात. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांनी 'धार' या वरच्या झऱ्यापर्यंत जावं. तिथे पायऱ्या आहेत आणि गोमुखातून बारमाही गोडं पाणी पडतं. वर एवढं गोडं पाणी आणि खाली खारं, हे मुलांना तिथेच दाखवता येतं.

खालचं पाणी खारट तर आहेच, शिवाय सोड्याच्या पाण्यासारखं अल्कधर्मी आहे. त्याचा सामू (पीएच) १० च्या आसपास सांगितला जातो. पाऊस जास्त झाला की तो थोडा उतरतो. पूर्वी इथून खार काढला जाई. पाणी बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागतं. मुलांसाठी एक सोपा प्रयोग सांगतो. घरीच कागदाच्या पट्टीवर ओली हळद फासून वाळवावी आणि खाली गेल्यावर तिचं टोक पाण्याला लावावं. पिवळी पट्टी बघता बघता लालसर होते. हळदीला क्षार लावून कुंकू करतात, त्यामागचं कारण हेच. पट्टी मात्र परत आणावी. काठचा गाळ वरून सुकलेला दिसतो, पण पाय घोट्यापर्यंत रुततो. म्हणून मुलांचा हात सोडू नये. कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो गटाराचा नव्हे, गाळात कुजणाऱ्या शेवाळाचा.

अनेकांना पाणी गुलाबी नाही म्हणून वाईट वाटतं. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं होतं. बाष्पीभवनाने पाणी घटलं, क्षार वाढले आणि खारटपणात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचा अभ्यास केला. पाऊस पडून पाणी पातळ झालं की तो रंग जातो. एरवी सरोवर हिरवट असतं, आणि तोच त्याचा खरा रंग.

तळाशी कमळजा देवीचं मंदिर आहे. नवरात्रात तिथे यात्रा भरते, त्या दिवसांत शांतपणे पाहायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. दुपारी गावातलं दैत्यसूदन मंदिर बघावं. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम तर आहेच, पण आत छतावरची शिल्पं अंधारात असतात, तिथे विजेरी लागते. मोबाईलचा उजेड पुरत नाही. एप्रिल-मे टाळावा. पावसाळ्यात वाट निसरडी असते. ऑक्टोबरचा शेवट ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम.

संबंधित यंत्रणांना एक विनंती. उतरण्याच्या प्रत्येक वाटेच्या तोंडाशी मराठीत ठळक फलक हवा: अंतर किती, चढायला वेळ किती, खाली पाणी नाही, परतीची शेवटची वेळ कोणती, विवरातले दगड उचलण्यास मनाई. त्याच ठिकाणी पिण्याच्या पाण्याचा नळ आणि बायकांसाठी रोज झाडलं जाणारं स्वच्छतागृह हवं. खाली काही बांधू नये. जे करायचं ते वर, काठाच्या बाहेर करावं.

— एक वाचक, मेहकर (जि. बुलढाणा)