चिकूच्या वेशभूषेबद्दल

चि. अनु,
अनेक आशीर्वाद.

शाळेच्या वेशभूषा स्पर्धेत चिकूला ‘आदिवासी’ करायला सांगितलंय, अंगाला काळा रंग, कमरेला पानं, डोक्यात पिसं, हे काल तू फोनवर सांगितलंस तेव्हापासून तेच डोक्यात आहे. रंग आणि पानं नकोत, हे मला शंभर टक्के पटतं. पण म्हणून त्याला भागच घेऊ द्यायचा नाही, हे काही पटत नाही गं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गच्चीवर तुम्ही पोरी काय काय व्हायचात! आजीची पांढरी महेश्वरी तर कायम तुझ्या अंगावर. काठ दोन्ही बाजूंनी सारखेच, त्यामुळे उलटी नेसलीस तरी कळायचं नाही. कासोटा सुटलेला, पिंड म्हणून तळहातावर एक गुळगुळीत दगड, आणि पाण्याच्या टाकीवर बसून तुझा न्यायनिवाडा चाललेला. इंदुरात लहानपणी अहिल्याबाई न झालेली मुलगी सापडणं कठीण. तुला त्यांच्यासारखं व्हावंसं वाटायचं, म्हणून तो खेळ इतका रंगायचा.

त्या पानापिसांत कुणासारखं व्हावंसं वाटणं कुठे आहे? झाबुआ आपल्यापासून दीडशे किलोमीटरवर. होळीच्या आधी भरणाऱ्या भगोरियाच्या हाटात भिल्ल बायका घेरदार घाघऱ्यात येतात, कमरेला चांदीचा जड कंदोरा, गळ्यात हंसळी. झाबुआजवळच्या पिटोलच्या भूरीबाईंना चित्रांसाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. ९ ऑगस्टला, विश्व आदिवासी दिवसाला, इकडची कॉलेजातली मुलं आपला पोशाख घालून अभिमानाने मिरवणुकीत निघतात. त्यांच्यातलंच एखादं लेकरू चिकूच्या वर्गात बसलेलं असेल, तर काळं फासलेली तोंडं बघून त्याला काय वाटेल? पूर्वी हे कुणी विचारत नसे. आता विचारतात, फार बरं झालं.

तर चिकूला टंट्यामामा होऊ दे. सावकारांना लुटून गरिबांना वाटणारा, इंग्रजांच्या नाकी नऊ आणणारा टंट्या भिल्ल. १८८९ मध्ये त्याला जबलपूरला फाशी दिलं. इंदूरजवळ पातालपाणीला त्याची समाधी आहे, तू लहानपणी पाहिली आहेस. गोष्ट आधी नीट सांग, पोराला दोन वाक्यं तरी स्वतःहून बोलता आली पाहिजेत. धोतर, सदरा मी शिवते, फेटा बाबांचा आहेच. चेहऱ्याला काहीही लावायचं नाही. बाईंशी तू स्वतः बोल, चिठ्ठी पाठवू नकोस.

चिकूची उंची आणि कमरेचं माप कळव, म्हणजे शनिवारी कापड आणते.

तुझी,
आई