मशीनवाल्या काकांना जाहीर पत्र

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला फोनवर वाचायचा कंटाळा, म्हणून नातवाला वाचून दाखवायला सांगितलंय.

पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली शिलाईची हातमशीन, सिंगर २८-के, तुमच्या दुकानात ठेवली तेव्हा तुम्ही आधी विचारलंत, "हे कुणी केलं?" मीच. स्पिरिटच्या बोळ्यानं मळ काढायला गेलो आणि मळासोबत मशीनवरच्या सोनेरी स्फिंक्सच्या चित्राचं अर्धं धड निघून आलं. वर चाक फिरेना म्हणून दांड्यावर जोर केलेला, तो वेगळाच. तुम्ही ओरडला नाहीत. "आतलं तेल सुकून डिंक झालंय. ओढाताण नको," एवढंच.

मग चार दिवस रॉकेल. (ते तरी हल्ली मिळतं कुठं? तुमच्याच बाटलीतलं.) तेलाच्या प्रत्येक भोकात थेंब थेंब, आणि रोज चाक जेमतेम बोटभर पुढे, बोटभर मागे. चौथ्या दिवशी ते गर्रकन फिरलं, तेव्हा दुरुस्तीसाठी खोळंबलेले टेलरमास्तरसुद्धा हसले.

नंबर 'वाय'नं सुरू होतो, म्हणजे मशीन १९२१ ते १९३५च्या दरम्यानची, स्कॉटलंडच्या क्लाइडबँकची, हे मी घरी शोधून काढलं. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "असेल. शटल कुठंय?" शटल, म्हणजे खालचा दोरा वाहून नेणारा भाग, नव्हतंच. तो कारखाना १९८०लाच बंद पडलेला, आणि तुम्ही बिस्किटांच्या डब्यातून बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शटल काढलंत, लांबुडक्या बॉबिनसकट. दोरा धरून लोंबकळवलंत. ते खाली घसरलं नाही. हलका झटका दिलात, तसं दोन बोटं उतरून थांबलं. "एवढंच हवं." शटलचा तो दोऱ्याचा ताण ठरवणारा बारीक स्क्रू मला मात्र फिरवू दिला नाहीत. बरंच केलंत. सिंगरचे आटे वेगळे, बाजारातला कुठलाही स्क्रू पिळून बसवला तर भोकाचं वाटोळं, हेही तिथंच कळलं.

शटलचे पैसे घेतले नाहीत, रॉकेलचेही नाहीत. "ती चालली पाहिजे," म्हणालात. चालतेय. सुई कोपऱ्यावरच्या दुकानातली, आजचीच, बसली. स्फिंक्स अर्धाच ठेवलाय, रंगवला नाही.

सोबत खादीची पिशवी पाठवतोय, तिच्यावर शिवलेली पहिलीच. उलटी करून बघा, खालून टाका जरा ढिला पडतोय. वरच्या दोऱ्याचं टेन्शन की शटलचा स्क्रू, ते सांगा. तोवर मी कशालाही हात लावत नाही.

तुमचा,
स्पिरिटवाला