साम्रदच्या वाटेवर मदतीला धावलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार

लावणीच्या दिवसात आम्ही मित्रमंडळी भंडारदऱ्याला गेलेलो, रंधा धबधबा बघितला, शेंडीत गरमागरम पिठलं भाकरी खाल्ली, घाटघरचा कोकणकडा तर असला भारी की धुकं हटेपर्यंत कोणी हलायलाच तयार नव्हतं. तिथून साम्रदमार्गे रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर बघायला निघालो आणि समोरून आलेल्या जीपला जागा देताना पावसाने भुसभुशीत झालेली साइडपट्टी खचली, डावं चाक थेट चरात. नेटवर्क नाही, पाऊस धो धो, अंधार पडत आलेला, आणि सोबत मित्राची आई, ती थंडीने कुडकुडत होती.

शेतात लावणी करणारी माणसं आमचा आवाज ऐकून चिखलातूनच आली. कोणी दगड रचले, कोणी चाकाखाली भाताचा पेंढा टाकला, एका मामांनी घरून दोर आणला. तोवर एका मावशींनी काकूंना घरी नेऊन चुलीपाशी बसवलं, स्वतःची धुतलेली कोरडी साडी नेसायला दिली आणि काळा चहा पाजला. साडी परत द्यायला लागलो तर म्हणाल्या, "राहू दे, ओलं नेसून आईला नेऊ नका."

गाडी निघाली, पैसे कोणीच घेतले नाहीत. वर एक दादा भर पावसात बॅटरी घेऊन खराब पट्टा संपेपर्यंत गाडीपुढे चालत आला. घाईत नावं विचारायची राहिली हो. मावशी, काकू ठणठणीत आहेत, तुमची रोज आठवण काढतात. साडी धुऊन ठेवलीये, दिवाळीच्या आधी सगळे मिळून घेऊन येतोय.