चढावर भेटलेल्या काका-काकूंचे आभार

थंडी पडल्यापासून सायकलने कामावर निघते तेव्हा अंधारच असतो. परवा धुक्यात, ऐन चढावर साखळी उतरून अडकली. मागचा दिवाही विझलेला. गारठ्यात बॅटरी लवकर उतरते, हे ठाऊक असून चार्ज केली नव्हती. बोटं इतकी बधिर की साखळी धरता येईना.

फिरायला निघालेले तुम्ही दोघं थांबलात. काकूंनी मागून येणाऱ्या गाड्यांना दिसेल असा टॉर्च धरला. काकांनी डिरेलर (मागच्या चाकाजवळचा, साखळी ताणून धरणारा भाग) पुढे दाबून साखळी सैल केली, दात्यांवर बसवली आणि मला पेडल हळूहळू फिरवायला सांगितलं. मग काकूंनी स्वतःचे लोकरीचे हातमोजे काढून माझ्या हातांत चढवले. ते अजून उबदार होते!

घाईत नावंही विचारली नाहीत. मनापासून आभार. हातमोजे धुऊन पिशवीत ठेवलेत, रोज त्या चढावर तुम्हाला शोधते.